लिंगताठरतेची तक्रार : कारणे आणि तपासणी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ‘कृपया नाव छापू नये’ असे लिहिलेली जी पत्रे असतात, त्यांतल्या पुष्कळांचा विषय एकच असतो. शब्द मात्र निरनिराळे. कुणी ‘अशक्तपणा’ लिहितो, कुणी ‘कमजोरी’, कुणी ‘संसारात पूर्वीसारखे राहिले नाही’. एका शिक्षकांनी चार पाने आपल्या अपचनाविषयी लिहून मूळ तक्रार ता. क. मध्ये दीड ओळीत उरकली होती. दवाखान्यातही तीच तऱ्हा. पेशंट खोकल्याचे औषध घेतो, पैसे देतो, दाराशी जाऊन चपलेत पाय घालतो आणि मग मागे वळून म्हणतो, ‘‘डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं.’’ हे ‘आणखी एक’ विचारण्यासाठीच तो आलेला असतो; खोकला निमित्ताला.

तेव्हा आज हा विषय सरळच घेऊ. समागमासाठी पुरेशी ताठरता न येणे, किंवा आलेली न टिकणे, ही तक्रार. आपल्याकडे यासाठी ‘नपुंसकत्व’ हा शब्द सर्रास वापरतात. मी तो दवाखान्यात उच्चारत नाही. तो रोगाचे नाव कमी आणि शिवी जास्त आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९२ मध्ये भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही तिकडचा तशाच अर्थाचा जुना शब्द टाकून द्यावा आणि केवळ ‘ताठरतेतील बिघाड’ म्हणावे, असे सुचवले. आपणही तेच करू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. थकवा, जागरण, घरातले भांडण, जरा जास्त झालेली दारू, यांमुळे एखाद्या वेळी असे झाले तर तो आजार नव्हे. धडधाकट पुरुषालाही हा अनुभव कधी ना कधी येतो. साधारण तीन महिने किंवा अधिक काळ वारंवार असे होत असेल, तर त्याला आम्ही तक्रार मानतो. दुसरे, इच्छा, ताठरता, वीर्यपतन आणि मूल होण्याची क्षमता या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ताठरता उत्तम असूनही वीर्यात शुक्रजंतू नसतात असे पुरुष असतात, आणि याच्या अगदी उलटही असतात. लग्नानंतर दोन वर्षांत पाळणा हलला नाही की गावात जी कुजबुज सुरू होते, तिला हा फरक ठाऊक नसतो.

आता हे घडते कसे ते पाहू, कारण ते कळले की बिघाड कुठे होऊ शकतो हे आपोआप कळते. शिश्नामध्ये स्पंजासारख्या पेशीजालाच्या दोन नळ्या शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्याभोवती एक चिवट आवरण असते. एरवी या स्पंजात रक्त जेमतेम खेळते. मनात इच्छा जागी झाली, स्पर्श झाला, की मेंदूकडून मज्जारज्जूमार्फत आणि तेथून कमरेखालच्या मज्जातंतूंमार्फत निरोप येतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून आणि मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सुटतो. त्याने रोहिण्यांचे आणि स्पंजाचे स्नायू सैल पडतात, रक्त जोराने आत येते, स्पंज फुगतो आणि आवरणाला दाबतो. त्या दाबाखाली रक्त परत नेणाऱ्या बारीक नीला चेपल्या जातात. आत येणारे पाणी चालू आणि बाहेर जाणारी मोरी बंद, असा हा प्रकार. यात हाड नाही, ताकदीचा स्नायू नाही. हा सगळा खेळ रक्ताच्या पुरवठ्याचा आहे. वीर्य ‘साठवण्याचा’ तर याच्याशी काडीचाही संबंध नाही.

या वायूचे शरीरातले काम शोधून काढल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत पाहा, ज्या नायट्रोग्लिसरीनपासून आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवले, ते छातीच्या कळेवर औषध म्हणून लागू पडते ते याच वायूमुळे. आणि आयुष्याच्या शेवटी हृदयविकार जडलेल्या नोबेलसाहेबांना डॉक्टरांनी तेच औषध सांगितले होते. हा धागा पुढे एका महत्त्वाच्या सावधगिरीपाशी पुन्हा येणार आहे.

लोकांची समजूत अशी, की हा सारा मनाचा नाहीतर ‘धातूचा’ रोग. चाळिशीनंतर आलेल्या पेशंटमध्ये बहुधा खरे कारण रक्तवाहिन्यांत सापडते. शिश्नाला रक्त पुरवणारी रोहिणी एक ते दोन मिलिमीटर रुंदीची असते. हृदयाला रक्त पुरवणारी तीन ते चार मिलिमीटरची. चरबीचा थर सगळ्याच रोहिण्यांत बसू लागतो. ज्यांची कालव्यावरची शेती आहे, त्यांना हे लगेच कळेल: गाळ सगळीकडे बसतो, पण पाणी आधी बंद होते ते बारीक चारीचे, मुख्य कालवा त्यानंतर काही काळ वाहतच असतो. म्हणूनच अनेक पुरुषांत छातीत कळ येण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी ही तक्रार सुरू झालेली असते. म्हणजे निसर्ग आधी सूचना देतो. आपण ती लाजेखातर लपवतो, किंवा बसस्टँडमागच्या तंबूत जाऊन दाखवतो.

सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ, पेशाने ड्रायव्हर, माझ्याकडे ‘शक्तीची गोळी’ मागायला आले. वर्षभरापासून तक्रार, हळूहळू वाढलेली. दिवसाला दोन बंडल बिड्या. ‘‘बाकी मला काही नाही डॉक्टर, तुम्ही फक्त गोळी लिहून द्या,’’ असा आग्रह. रक्तदाब १६० वर १००, कंबरेचा घेर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर, पावलावरची नाडी बोटाला जेमतेम लागे. उपाशीपोटी साखर १९८. यापूर्वी त्यांनी साखर कधीच तपासली नव्हती. ‘‘जिना चढताना काही होतं का?’’ असे विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘जरा छाती भरून येते, पण ते गॅसेस.’’ त्यांना गोळी दिली नाही, हृदयतज्ज्ञांकडे पाठवले. दोन रोहिण्या बऱ्याच अरुंद झालेल्या निघाल्या. वेळेत उपचार झाले आणि आज ते कामावर आहेत. बिडी सुटली. मूळ तक्रारही पुष्कळ कमी झाली. मात्र पहिल्या दिवशी रागावून त्यांनी दुसऱ्या कुठल्या दुकानातून तीच गोळी घेतली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात येतोच.

मधुमेह हे आपल्या भागातले सर्वांत मोठे कारण आहे असे मी अनुभवाने म्हणेन. तो रोहिण्याही बिघडवतो आणि मज्जातंतूही, म्हणजे पाण्याची चारी आणि निरोप आणणारी तार दोन्ही. मधुमेही पुरुषांत ही तक्रार इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षे लवकर येते. पुष्कळदा मधुमेहाचा शोधच या तक्रारीमुळे लागतो.

तंबाखूविषयी वेगळे काय सांगावे! सिगारेट, बिडी, गुटखा, मशेरी. रूप कोणतेही असो, निकोटिन रोहिण्या आवळते. दारूबद्दल तर उलटाच गैरसमज आहे. थोडीशी घेतल्यावर भीड चेपते, म्हणून ती उपयोगी वाटते. पण रोजची दारू मज्जातंतू, यकृत आणि वृषण तिघांनाही मारते. याशिवाय वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, पोटावरची चरबी, मूत्रपिंडाचा विकार आणि घोरत घोरत श्वास अडकण्याचा आजार, ही सारी एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

काही औषधांमुळेही असे होते. रक्तदाबावरच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, अ‍ॅटेनोलॉलसारख्या नाडी मंद करणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची आणि मानसिक आजारावरची काही औषधे, प्रोस्टेटवरची काही औषधे. पण कृपा करून हे वाचून आपली गोळी बंद करू नका! रक्तदाबाची गोळी अचानक सोडून अर्धांगवायू ओढवून घेण्यात शहाणपण नाही. गोळी कधीपासून सुरू झाली आणि तक्रार कधीपासून, हे डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा पर्याय असतो.

हार्मोनची कमतरता हे कारण लोकांना वाटते त्यापेक्षा खूपच कमी वेळा सापडते. तिथे बहुधा आधी इच्छाच मंदावते. दाढी कमी वेळा करावी लागते, थकवा येतो, छाती भरते. तपासणी न करता पुरुषी हार्मोनची इंजेक्शने घेण्याची टूम हल्ली व्यायामशाळांतून पसरली आहे. बाहेरून हार्मोन आले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, वृषण आक्रसतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती थंडावते. मूल हवे असलेल्या तरुणाने तर या वाटेला जाऊच नये.

मज्जातंतूंचे कारण असेल तर ते पेशंटच्या हकिकतीतच बहुधा सापडते: पाठीच्या कण्याला मार, मोटारसायकलच्या अपघातात मोडलेले ओटीपोटाचे हाड, प्रोस्टेटची किंवा गुदाशयाची मोठी शस्त्रक्रिया.

आणि मन? ते आहेच. विशेषतः तिशीच्या आतल्या पेशंटमध्ये. नवविवाहित तरुणांची हकीकत इतकी सारखी असते, की पहिल्या दोन वाक्यांनंतर पुढचे मीच सांगू शकतो. लग्नाच्या धावपळीने आधीच जीव मेटाकुटीला आलेला, घर पाहुण्यांनी भरलेले, पलीकडच्या खोलीत आत्या आणि मावशी जाग्या, मित्रांची थट्टा डोक्यात घोळत असलेली. त्यात जमले नाही. दुसऱ्या रात्री ‘आज तरी जमेल ना?’ ही धास्ती. धास्तीने शरीरात अ‍ॅड्रिनलिन सुटते, आणि अ‍ॅड्रिनलिनचे काम रोहिण्या आवळण्याचे! वाघ मागे लागलेल्या माणसाला पळता यावे म्हणून केलेली ही योजना आहे, शयनगृहासाठी नव्हे. मग माणूस स्वतःच स्वतःचा परीक्षक होऊन बसतो आणि रोज नापास होतो. अशा जोडप्याला मी दोन-तीन आठवडे समागमाचा प्रयत्नच करू नका, नुसता सहवास ठेवा, असे सांगतो. परीक्षाच रद्द झाल्यावर भीती कशाची? कित्येकांची गाडी त्यानेच रुळावर येते. काही मुलगे तर आठ दिवसांनी ओशाळून सांगतात, ‘‘डॉक्टर, तुमचं पथ्य पाळलं गेलं नाही.’’

याच वयात ‘धातू जाते’ ही भीती फार. लघवीवाटे वीर्य जाऊन शक्ती क्षीण होते या समजुतीतून येणाऱ्या चिंतेच्या आजाराचे डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये वर्णन केले, आणि आज तो जगभरच्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या ‘धात’ याच नावाने ओळखला जातो. स्वप्नावस्था आणि हस्तमैथुन यांनी ताठरता जात नाही. हे मराठीत सांगणारा मी पहिला नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून अशा विषयांवर निर्भीडपणे लिहिले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. इतकी वर्षे लोटली, पत्रांतले प्रश्न मात्र तेच आहेत.

आता डॉक्टर तपासतो म्हणजे नेमके काय करतो? निम्मे निदान नुसत्या प्रश्नांत होते, म्हणून प्रश्नांना संकोचू नये. तक्रार अचानक आली की हळूहळू? प्रत्येक वेळी की काही वेळाच? ताठरता येतच नाही, की येऊन टिकत नाही? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? निरोगी पुरुषाला रात्रीच्या झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. पहाटेची ताठरता चांगली आणि पत्नीजवळ मात्र अडचण, तक्रार एके दिवशी अचानक सुरू झालेली, असे असेल तर नळ, पाइप सारे शाबूत आहे, अडचण मनात किंवा नात्यात आहे. पहाटेचीही गेली असेल आणि हे हळूहळू वर्षभरात झाले असेल, तर रक्तवाहिन्या, साखर, मज्जातंतू यांच्याकडे पाहावे लागते. (१९८० मध्ये परदेशात यासाठी एक स्वस्त युक्ती निघाली होती. झोपताना टपाल तिकिटांची पट्टी ओली करून शिश्नाभोवती चिकटवायची आणि सकाळी ती फाटली की नाही ते पाहायचे! आता त्यासाठी यंत्रे आहेत. पण बहुतेकांना दोन्हीची गरज पडत नाही.) अर्थात मन आणि शरीर यांची फाळणी इतकी स्वच्छ क्वचितच असते. मधुमेहाने थोडी ताठरता कमी झाली, की त्यावर चिंतेचा दुसरा थर बसतोच.

पाच प्रश्नांची, पंचवीस गुणांची एक प्रश्नावलीही आहे. एकवीस किंवा त्याहून कमी गुण पडले तर तक्रार खरी मानतात. तीव्रता मोजायला आणि उपचाराने फरक किती पडला हे पाहायला ती बरी.

प्रत्यक्ष तपासणी दहा मिनिटांची. रक्तदाब, वजन, कंबर. पुरुषांची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत असावी. जांघेतल्या आणि पावलांवरच्या नाड्या. चालताना मांड्या आणि कुल्ले भरून येतात, जांघेतली नाडी लागत नाही आणि ताठरता गेली, हे तिन्ही एकत्र असेल तर पोटातली मुख्य रोहिणीच खालच्या टोकाला तुंबलेली असू शकते. फ्रेंच सर्जन लेरीश यांनी १९२३ मध्ये हे दाखवून दिले. वृषणांचा आकार, अंगावरचे केस, छातीची वाढ पाहायची. शिश्नाची कातडी मागे सरते का, आत कुठे कठीण गाठ किंवा पट्टा लागतो का हेही पाहावे लागते. तसा पट्टा असल्यास ताठरतेच्या वेळी इंद्रिय वाकडे होते आणि दुखते. पन्नाशीनंतर प्रोस्टेटही तपासतात. यात लाजण्यासारखे काही नाही. दात दाखवताना तोंड उघडतोच की नाही?

रक्ताच्या तपासण्या मोजक्याच. उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, चरबीचे प्रमाण, क्रिएटिनिन, लघवी. पुरुषी हार्मोन तपासायचे तर सकाळी अकराच्या आत रक्त द्यावे, कारण दिवस चढेल तसे ते उतरते. कमी आले तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा पाहावे. एका रिपोर्टवर निकाल देऊ नये. दुसऱ्यांदाही कमी आले, तरच पीयूषिका ग्रंथीच्या तपासण्यांकडे वळायचे. थायरॉइडची शंका आली तर तेही पाहायचे. इंजेक्शन देऊन करायची रक्तप्रवाहाची सोनोग्राफी सर्वांना लागत नाही. अपघातात मार बसलेला तरुण, किंवा साध्या उपायांना दाद न देणारा पेशंट, यांच्यासाठी ती आहे. पहिल्याच भेटीत हजारो रुपयांच्या तपासण्यांची यादी हातात पडली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

हृदयाचा अंदाज घेणे मात्र चुकवू नये. ढोबळ कसोटी अशी, की दोन मजले भराभर चढून छातीत दुखत नसेल, फार धाप लागत नसेल, तर समागमाचे श्रम हृदयाला झेपतात.

उपचारांवर वेगळा लेख लागेल, पण एक सावधगिरी आजच सांगितली पाहिजे. १९९८ मध्ये आलेले सिल्डेनाफिल आणि त्याची भावंडे ही चांगली औषधे आहेत. ती इच्छा निर्माण करत नाहीत. वर सांगितलेल्या वायूचे काम अधिक वेळ टिकवतात, एवढेच. पण जो पेशंट छातीच्या कळेसाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट जातीचे कोणतेही औषध घेतो, त्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. दोन्हींचा वार एकाच जागी आहे. म्हणून मित्राने दिलेली, दुकानातून गुपचूप आणलेली गोळी घेऊ नये. गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले तर दवाखान्यात गोळीचे नाव आधी सांगावे, लाज नंतर. ताठरता चार तासांहून अधिक राहिली तर तीही तातडीची बाब आहे. सकाळची वाट पाहू नये.

तंबूवाल्यांच्या आणि भिंतीवरच्या जाहिरातवाल्यांच्या ‘जडीबुटी’त पुष्कळदा हीच गोळी कुटून घातलेली असते. ‘लगेच गुण’ येतो तो त्यामुळे. किती घातली आहे याचा हिशेब कुणालाच नाही, आणि घेणाऱ्याला आपण सॉर्बिट्रेटवर आहोत हे सांगण्याची गरजही वाटत नाही. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंती रंगलेल्या आहेतच.

दवाखान्यात येताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, जुने रिपोर्ट आणि शक्य असेल तर पत्नीला बरोबर आणावे. हे शेवटचे ऐकून पुरुष दचकतात. परंतु नवरा दूर दूर राहू लागला की तिकडे तिच्या मनात काय येते? ‘माझ्यात काही राहिलं नाही’, नाहीतर ‘यांचं बाहेर कुठंतरी आहे’. एका बाईंनी माझ्यासमोर नवऱ्याच्या साखरेचा रिपोर्ट हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे साखरच ना? मग एवढे दिवस बोलायला काय झालं होतं?’’ दीड वर्ष दोघे वेगवेगळ्या खोल्यांत झोपत होती. शिवाय पाळी गेल्यानंतर बायकांनाही कोरडेपणाचा त्रास होतो, समागम दुखतो. त्याकडे कुणी लक्ष दिलेले नसते. एकाच भेटीत दोघांचे प्रश्न समजतात.

शीघ्रपतनाविषयी विचारणारी पत्रेही बरीच आहेत. ती तक्रार निराळी, तिची कारणेही निराळी. पुढील आठवड्यात तिच्याविषयी लिहीन.